उद्दिष्टाला परिस्थितीचे भान हवे

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि हॉटेल, मॉल, कारखाने, ब्युटी पार्लर एका फटक्यात बंद पडले. 'सीएमआयई'च्या पाहणीनुसार त्या एप्रिलमध्ये बेरोजगारीचा दर २३.५ टक्क्यांवर गेला आणि १२ कोटींहून अधिक लोकांचे काम गेले. देणगीदार संस्थांच्या आणि कंपन्यांच्या सीएसआर निधीवर चालणारे रोजगार कार्यक्रम गरीब घरांतल्या तरुण-तरुणींना प्रामुख्याने याच क्षेत्रांसाठी तयार करत होते. त्यांचे करार मात्र आधीच्या काळातले होते. शंभरांतल्या इतक्यांना प्रमाणपत्र, इतक्यांना नोकरी आणि इतके जण तीन महिने त्या नोकरीत टिकलेले, असे आकडे त्यांत लिहिलेले होते. बाजार कोसळल्यावर या आकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा घाईगर्दीत ज्याने त्याने आपापल्या परीने सोडवला. त्याचे नीट उत्तर आजही करारांमध्ये दिसायला हवे. माझ्या मते ते उत्तर असे: नोकरीचे उद्दिष्ट स्थानिक रोजगार बाजाराच्या स्थितीशी बांधलेले असले पाहिजे. उत्तरदायित्वाच्या नावाखाली जुना आकडा तसाच ठेवला, तर पहिला बळी उत्तरदायित्वाचाच जातो.

नोकरीवर आधारित उद्दिष्टे आली ती योग्य कारणासाठी. नुसती प्रमाणपत्रे वाटून पैसे मिळत असतील, तर वर्ग भरतात, फोटो निघतात आणि मुले घरी बसतात, हा अनुभव जुना आहे. म्हणूनच ग्रामीण तरुणांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजने'त प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्क्यांना नोकरी मिळवून देण्याची अट आली. खासगी देणगीदारही त्याच वाटेने गेले. या शिस्तीमुळे प्रशिक्षण संस्थांना मालकांच्या दारापर्यंत जावे लागले, हे मान्य केलेच पाहिजे. पण प्रशिक्षण केंद्र उमेदवाराला घडवू शकते. जागा निर्माण करणे त्याच्या हातात नाही. महासाथीत अडचण कौशल्याची नव्हती, मागणीची होती. मागणी आटते तेव्हा काम उभे करावे लागते, हे महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात पाहिले आहे. तेव्हा लाखो लोक सरकारी कामांवर आले आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आकाराला आला. २०२०-२१ मध्येही ११ कोटींहून अधिक माणसांनी मनरेगावर काम केले, कारण ती योजना स्वतः काम देत होती. जो कार्यक्रम दुसऱ्याच्या नोकरभरतीवर अवलंबून आहे, त्याला त्याच वर्षी नेहमीचा आकडा मागणे म्हणजे त्याच्या हाती नसलेल्या गोष्टीचा जाब विचारणे आहे.

असा जाब विचारला की संस्था काय करतात? ज्यांना नोकरी लागण्याची शक्यता मुळात जास्त, तेच उमेदवार निवडतात. अमेरिकेत १९८२ च्या 'जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप अ‍ॅक्ट'खालच्या कार्यक्रमांचा या अंगाने बारकाईने अभ्यास झाला आहे. जेम्स हेकमन, कॅरोलिन हाइनरिक आणि जेफ्री स्मिथ या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, कार्यक्रम संपताच मोजलेल्या नोकऱ्या आणि पगार यांचा प्रशिक्षणाच्या दीर्घकालीन परिणामाशी फारसा संबंध नसतो. म्हणजे आकडा गाठला जातो, पण ज्याच्या आयुष्यात सर्वाधिक फरक पडला असता तो माणूस दाराबाहेर राहू शकतो. आपल्याकडे महासाथीत दाराबाहेर राहण्याची भीती कोणाला अधिक होती, हे अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालातून कळते. टाळेबंदीत काम गेलेले आणि २०२० च्या अखेरपर्यंत कामावर न परतलेले पुरुष ७ टक्के होते, तर स्त्रिया ४७ टक्के. तेव्हा वर्षअखेरचा आकडा गाठण्याचा सोपा मार्ग मुलींना कमी प्रवेश देण्याचा ठरतो. कोणत्याही देणगीदाराला हे नको असते, पण त्याचा करार संस्थेला त्याच दिशेने ढकलतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो सवलतीचा. एकदा अट सैल केली की संस्था कायम सबबी सांगतील आणि कष्टाने आणलेली शिस्त जाईल, असे म्हटले जाते. भीती खोटी नाही, म्हणूनच सूट कोणाच्या मर्जीवर सोडू नये. अमेरिकेच्या कामगार खात्याने याच कार्यक्रमात स्थानिक बेरोजगारी आणि उमेदवारांची पार्श्वभूमी धरून प्रत्येक भागाचे उद्दिष्ट सूत्राने बदलण्याची पद्धत वापरली. २०१४ च्या नव्या कायद्यानेही अशी सांख्यिकी दुरुस्ती बंधनकारक केली. बेरोजगारी वाढली की उद्दिष्ट खाली येते आणि बाजार सुधारला की ते आपोआप वर जाते. यात संस्थेला सबब सांगायला जागा उरत नाही. मंदीतही बरे काम करणारी संस्था आणि तेजीत आयते यश मिळवणारी संस्था यांतला फरक उलट अधिक स्पष्ट दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये, महासाथ सरलेली नसताना, राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आणि ब्रिटिश एशियन ट्रस्ट यांनी इतर भागीदारांसह 'स्किल इम्पॅक्ट बाँड' आणला. १ कोटी ४४ लाख डॉलर, चार वर्षे, ५० हजार तरुण, त्यांत ६० टक्के स्त्रिया आणि नोकरीत टिकण्यावर भर, अशी त्याची रचना होती. संकटातही निकालावर पैसे देता येतात, मग इतरांना सूट का, असा प्रश्न त्यावरून विचारला जाईल. पण त्या करारातले आकडे बाजाराची पडझड पाहिल्यानंतर ठरले होते आणि सुरुवातीचे भांडवल घालून जोखीम पत्करणारे गुंतवणूकदार त्यात वेगळे होते. जिल्ह्याच्या गावी दोन केंद्रे चालवणाऱ्या संस्थेला यातले काहीच नसते. उलट सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेने मिळालेला परदेशी निधी छोट्या संस्थेला देण्याची वाटही बंद झाली. कंपन्यांचा बराच सीएसआर निधी त्या वर्षी साथनिवारणाकडे वळला. अशा संस्थेचा शेवटचा हप्ता न लागलेल्या नोकऱ्यांपायी अडला, की प्रशिक्षकांचे पगार थांबतात आणि बाजार सावरेपर्यंत केंद्रच उरत नाही.

म्हणून पुढच्या संकटाची वाट न पाहता करारातच तीन गोष्टी लिहाव्यात. जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या बेरोजगारीच्या प्रकाशित आकडेवारीनुसार उद्दिष्ट कसे बदलेल, याचे सूत्र सुरुवातीलाच ठरवावे. एकूण रकमेचा ठरावीक भाग प्रशिक्षक आणि केंद्र टिकवण्यासाठी संकटकाळात अबाधित ठेवावा. आणि नोकऱ्यांची मोजणी एका वर्षाने पुन्हा करावी, तीही स्त्रिया आणि पुरुषांची वेगवेगळी, म्हणजे कागदापुरत्या दाखवलेल्या नोकऱ्या आणि वगळलेल्या मुली दोन्ही उघड होतील. यातली पहिली गोष्ट संस्थेला दिलासा देते, तर तिसरी तिच्यावरची देखरेख आजच्यापेक्षा कडक करते. देणगीदाराने आपला पैसा नोकऱ्यांवर लागावा असा आग्रह धरलाच पाहिजे. पण जो आग्रह मुलींना नाकारून पूर्ण होऊ शकतो, तो ज्यांच्यासाठी हा पैसा आला त्यांच्याच विरोधात जातो.