लायसनला पैसे कशाला घालवायचे?

दोन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या आठवडाभर आधी भाईने मोटरसायकल घेतली. बेदाण्याच्या शेडवर चार वर्षं काम करून डाऊन पेमेंटपुरते पैसे साठवले होते, बाकीचं फायनान्सवर. घरचा हिशेब मी ठेवते, म्हणून कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खर्चाची यादीही मीच लिहिली. हप्ता, विमा, पासिंग, सीट कव्हर, लेग गार्ड, टाकीवरचे स्टिकर, मोहल्ल्यात वाटायला पेढे. लायसन त्या यादीत नव्हतं. मी आठवण केली तेव्हा अब्बा म्हणाले, "लायसन को पैसे कायको घालने? गाँव में कौन पकडता?" भाई हसला. मीही गप्प बसले, कारण बेरीज आधीच हाताबाहेर गेली होती.

पकडणारे तीन महिन्यांत भेटले. विनालायसन गाडी चालवली म्हणून ५,००० रुपये. फायनान्ससाठी गाडी अब्बांच्या नावावर घेतली होती, त्यामुळे लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाचे आणखी ५,०००. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा हे दंड एवढे वाढले. भाईचा महिन्याचा पगार १२,००० आहे.

घरी आल्यावर तो दंडाबद्दल बोललाच नाही. "नाव विचारलं आणि त्यांचा आवाजच बदलला," एवढंच म्हणाला. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. नाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदलणं आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण मी त्याला म्हणाले, चल, तक्रार लिहू. कागद घेतला आणि दोघंही अडलो. अर्जात लायसन नव्हतं हे लिहायचं की लपवायचं? लिहिलं तर पुढचं कोण वाचणार? त्याच्याशी जे उद्धट बोलणं झालं त्याची दाद मागायची वाट आम्ही ५००-७०० रुपये वाचवून स्वतःच बंद केली होती. आपल्या तरुणांच्या बैठकांत भेदभावावर तासभर बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण बैठक सुटली की बाहेर लावलेल्या कितीतरी गाड्या विनालायसनच निघतात. हे मला खटकतं.

दंड तरी भरून संपतो. मामूंच्या घरचं प्रकरण अजून संपलेलं नाही. त्यांच्या १९ वर्षांच्या मुलाने रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना उडवलं. ते वाचले, पण पाय गेला. गाडीचा विमा चालू होता, म्हणून मामू निर्धास्त होते. मुलाकडे लायसन नव्हतं. अशा वेळी न्यायाधिकरण विमा कंपनीला सांगतं की जखमीला भरपाई द्या आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरणसिंग खटल्यात ही वाट स्पष्ट केली आहे. त्या गृहस्थांना पैसे मिळाले हे बरंच झालं. पण मामूंनी दरवर्षी न चुकता भरलेला विमा त्यांच्या कामी आला नाही. दुकान आता गहाण आहे.

अठराच्या आतल्या मुलांचं तर विचारूच नका. लग्नघरी "जा रे, बर्फ घेऊन ये" म्हणून दहावीतल्या पोराच्या हाती किल्ली देणारे चाचा मी दर लग्नात बघते. त्याने काही गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. बर्फ चालत जाऊन आणता येतो.

आता खर्च. केंद्राच्या नियमांप्रमाणे शिकाऊ लायसनचे १५० आणि त्याच्या परीक्षेचे ५०. पक्क्या लायसनसाठी चाचणीचे ३०० आणि लायसनचे २००. झाले ७००. वर राज्याचे आणि कार्ड-टपालाचे थोडे आकार लागतात, म्हणून मी १,००० धरले. मोठा खर्च फीचा नसतोच. आमच्या गावाहून आरटीओ ४० किलोमीटरवर. चाचणीला गेलं की दिवस जातो, आणि रोजंदारीवाल्याचा दिवस म्हणजे रोख पैसे. माझे ३०० जातील. एसटीला मी ५० धरले, कारण २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. झेरॉक्स, नेट कॅफे १५०. सरावाचं पेट्रोल ४००. आयएसआय मार्कचं हेल्मेट १,०००. बेरीज २,९००. चाचणीत आठचा आकडा काढताना पाय टेकला आणि नापास झाले, तर पुन्हा ३०० फी, पुन्हा दिवस, पुन्हा एसटी. त्यासाठी ६५० वेगळे ठेवले आहेत.

ही रक्कम एकदम लागत नाही. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवस थांबावंच लागतं. म्हणजे २०० रुपयांत सुरुवात होते, उरलेले महिन्याला ५०० करून बाजूला टाकता येतात. आणखी एक गोष्ट. चाचणी गिअरच्या गाडीवर द्या. त्या लायसनवर स्कूटर चालते. बिनगिअरचं लायसन काढलं तर उद्या मोटरसायकलसाठी पुन्हा फी, पुन्हा चाचणी.

गावातला एजंट ३,५०० सांगतो. "तुम्ही फक्त सही करा, सगळं बघून घेतो." चाचणीला तर तुम्हालाच जावं लागतं, तेव्हा तुमचा दिवस आणि एसटी त्याच्या पैशांत धरलेली नसते. आधारशी मोबाइल जोडलेला असेल तर शिकाऊ लायसनची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. मग लोक एजंटकडे का जातात? मला वाटतं, कागदांच्या भीतीने. आमच्याच घरात आधारवर 'मोहम्मद' पूर्ण आहे, शाळेच्या दाखल्यावर 'मो.' आहे आणि बँकेत तिसरंच काहीतरी. एजंट ते दुरुस्त करत नाही, फक्त यावेळेपुरतं रेटून नेतो. नाव एकदा सगळीकडे सारखं करून घ्यायला आम्हाला दोन महिने लागले. तोच कागद पुढे पासपोर्टला आणि शिष्यवृत्तीलाही लागणार आहे.

आणि आता माझं. भाईच्या यादीत लायसन लिहायचं राहिलं होतं. माझं लायसन कुठल्या यादीत यावं असं मलाही सुचलं नव्हतं. शेजारच्या गावात मी संध्याकाळी शिकवण्या घेते. वडापला रोज ४० रुपये, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,०००. शेवटची वडाप चुकली की भाईने आणायला यायचं, आणि तो शेडवर असला की मुलांना लवकर सोडायचं. गाडी दुपारनंतर दारात उभी असते. तरी घरात कुणी, मीसुद्धा, हा हिशेब मांडला नाही. मांडला तेव्हा पेट्रोल वजा जाऊनही पाच-सहा महिन्यांत लायसनचा सगळा खर्च निघत होता. अब्बा म्हणाले, "शादी के बाद देखेंगे." मी म्हणाले, वीस वर्षांचा हप्ता नाही अब्बा, ७०० रुपयांची फी आहे. तिशीच्या आत काढलं तर चाळीस वर्षांची होईपर्यंत चालतं. अम्मी आतून म्हणाली, काढू दे तिला, रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर कोण नेणार?

भाईने आपलं लायसन मागच्या वर्षी काढलं, स्वतः, दुसऱ्या प्रयत्नात. आता मला तोच शिकवतो. ईदगाहच्या मागच्या मैदानात विटा मांडून आठचा आकडा काढला आहे. गाडीला पुढे-मागे लाल 'एल', मागच्या सीटवर तो. मोहल्ल्यातल्या दोन मुली कठड्यावर बसून बघतात. परवा त्यांतली एक विचारत होती, फी किती लागते. चाचणीची तारीख पुढच्या बुधवारी आहे. गाडी मी नेणार, तो त्या दिवशी शेडवर सायकलने जाईल.