स्मरण कोणाचे, गुणपत्रिकेचे?

दिवंगत प्राध्यापकांच्या नावे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या बहुधा गुणपत्रिका पाहूनच वाटल्या जातात. याला आम्ही स्मरण मानत नाही. शं. पु. आघारकरांना विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीच्या प्रवाहांत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला, तो टक्केवारीच्या बळावर नव्हे. त्यासाठी पाण्यात उतरावे लागले. राळेगणसिद्धीने नापासांना शाळेचे दार उघडले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून उजाड माळावर गवत परत आणले. त्या गवताच्या जाती वर्षभर टिपणारा, पण एका विषयात अडकलेला विद्यार्थी आमच्या पुरस्कार-समित्यांना दिसेल काय? नाव संशोधकाचे, निवड कारकुनी! देणगीदारहो, नियमांतील एकच ओळ बदला: अर्जासोबत गुणपत्रिका नको, क्षेत्रभेटींची नोंदवही मागवा, चिखलाचे डाग असले तरी चालेल.