कांदाचाळीमागची वाईन

गर्दी दिसल्याशिवाय आपण योग्य ठिकाणी आलो आहोत, अशी मराठी माणसाची खात्रीच पटत नाही. देवळाबाहेर रांग नसेल तर देव जागृत नाही, हॉटेलबाहेर ताटकळणारी माणसं नसतील तर मिसळ बेचव, आणि धबधब्याखाली शंभर जण भिजत नसतील तर ते पाणी नुसतंच पाणी! हाच नियम आपण आता वाईनलाही लावला आहे. द्राक्षांचे मळे बघायचे म्हणून दर शनिवारी मुंबई-पुण्याहून नाशिकला गाड्यांचा लोंढा येतो. तो ठरलेल्या रस्त्यानं ठरलेल्या एक-दोन ठिकाणी जातो, ठरलेल्या जागी उभा राहून फोटो काढतो आणि ‘वाईनचा मुलूख पाहिला’ म्हणत परत फिरतो. माझं स्पष्ट म्हणणं असं की या मंडळींनी मुलूख वगैरे काही पाहिलेला नसतो. त्यांनी एकमेकांना पाहिलेलं असतं. तेवढंच करायचं तर दादर स्टेशन काय वाईट? पार्किंगचा प्रश्नही येत नाही.

मोठ्या वायनऱ्यांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनी वाट पाडली नसती तर आपण सगळेच ‘वाईन म्हणजे शेवटी दारूच ना?’ या प्रश्नापाशी अडकून बसलो असतो. (काही घरं अजून तिथंच आहेत. आमच्याकडे आत्याबाई आल्या की बाटलीची ओळख ‘व्हिनेगर’ अशी करून दिली जाते.) माझं भांडण आहे ते मुख्य रस्ता सोडायला तयार नसणाऱ्या माणसांशी. आणि त्यांचे पुढारी म्हणजे आमचे साडू.

साडूंचा पहिला मुद्दा बिनतोड असतो. ‘‘अहो, ज्या वायनरीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तिच्यात काहीतरी खोट असल्याशिवाय का?’’

आता ही खोट कसली, ते ऐका. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, करात सवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. द्राक्ष पिकवणाऱ्या घरांना हुरूप आला. कर्जं काढून स्टीलच्या टाक्या आल्या. ज्यांची नावं उच्चारताना आजोबांची कवळी सुटायची, अशा फ्रेंच जाती शेतात लागल्या. आणि मग २००८-०९ साली जगभर मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक नाही. पुढच्या हंगामातली द्राक्षं घ्यायला जागा नाही. कितीतरी जणांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. कितीतरी वायनऱ्यांना कुलपं लागली.

त्यातून जे तगले ते आज कसे जगतात? परराज्यात एक बाटली विकायची तर तिथला परवाना वेगळा, लेबलच्या नोंदणीची फी वेगळी, कर वेगळा. नाशिकची बाटली दुसऱ्या राज्यात गेली की तिला परदेशातून आल्यासारखं वागवतात. मुंबईतल्या दुकानाच्या फळीवर जागा मिळवायची तर मोठ्यांशी टक्कर. म्हणून बरेच छोटे वाईनवाले आपला माल ठोकात मोठ्या कंपन्यांना देऊन टाकतात आणि तो दुसऱ्याच्या नावानं विकला जातो. स्वतःचं नाव लावलेल्या थोड्या बाटल्या उरतात, त्या कुणासाठी? दारात येणाऱ्यासाठी. आणि दारात कुणी येत नाही, कारण सगळे मुख्य रस्त्यावर रांगेत उभे आहेत! २०२२ च्या जानेवारीत वाईन सुपरमार्केटमध्ये विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हा महाराष्ट्रात केवढं रण माजलं! वाईन कुठे विकावी यावर प्रत्येकाला मत होतं. ती कुठे होते हे बघायला मात्र कुणी आडवाटेला गेलं नाही.

‘‘पण रस्ता?’’ साडूंचा दुसरा मुद्दा.

रस्ता खराब असतो, मान्य. नकाशावाली बाई दोनदा ‘उजवीकडे वळा’ म्हणते आणि उजवीकडे विहीर असते. पण नाशिकहून निफाड-विंचूरच्या अंगाला एकदा जाऊन तर बघा. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, मधूनमधून कांद्याच्या चाळी, पुढे लासलगावला निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर. वाकडी वाट केलीत तर नांदूरमध्यमेश्वरचं पाणी, जिथं थंडीत परदेशी पाखरं उतरतात; ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. निफाडच्या कुंदेवाडीतल्या गहू संशोधन केंद्राचा पारा दर थंडीत वर्तमानपत्रात झळकतो. त्याच कुंदेवाडीत एका घरानं सिसिली बेटावरच्या ग्रिलो आणि नेरो दाव्होला या जातींची द्राक्षं लावली आणि त्यांची वाईन केली. थंड रात्रींनी द्राक्षातला आंबटपणा टिकतो, त्यामुळे निफाडकरांना हुडहुडी भरवणारी ती थंडी वाईनवाल्याला वरदान. हे मुख्य रस्त्यावर कोण सांगणार?

‘‘बरं, पण तिथं बघायचं काय?’’ हा तिसरा मुद्दा.

बघायचं ते हे. खायच्या द्राक्षाचा शेतकरी मणी फुगावा म्हणून जिवाचं रान करतो; घड औषधात बुडवतो, विरळणी करतो. वाईनवाल्याला मणी हवा बारका, बियांचा आणि जाड सालीचा, कारण रंग आणि चव सालीत. म्हणजे बापानं जन्मभर मणी मोठा करण्यात घालवला आणि मुलगा त्याच शेतात मुद्दाम लहान मणी पिकवतो आहे! त्या घरात पहिली दोन वर्षं जेवणाच्या पंगतीत काय बोलणं होत असेल, याची कल्पना करा. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वेलीला वर्षातून दोनदा कात्री लावणारे आपण. युरोपात एकदाच लावतात. तोडणीच्या दिवसांत गेलात तर तांबड्या वाईनच्या टाकीत सालीचा जाड थर वर आलेला दिसतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही. छोट्या ठिकाणी ते काम मालक स्वतः करतो आणि घाम पुसत तुमच्याशी बोलतो. ओकचं पिंप २२५ लिटरचं. त्यातून सुमारे तीनशे बाटल्या निघतात. त्याच्याकडे अशी मोजून चार पिंपं असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव त्याला पाठ असतो, आपल्याला भाच्यांचा असतो तसा.

गर्दीच्या ठिकाणी गणवेशातला मुलगा पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवतो. या वाईनला म्हणे ब्लॅककरंटचा गंध येतो. ब्लॅककरंट नावाचं फळ ना त्यानं पाहिलेलं, ना ऐकणाऱ्या चाळीस जणांनी. तरी एक्केचाळीस जण माना डोलवतात. निफाडकडच्या एका आडवाटेच्या वायनरीत मालकानं टाकीची तोटी सोडून पेल्यात घोटभर पांढरी वाईन दिली आणि म्हणाला, ‘‘अजून कच्ची आहे. पण वास बघा, वहिनी.’’ सौभाग्यवतींनी पेला नाकाशी नेला आणि त्या सरळ म्हणाल्या, ‘‘अहो, याला तर पिकलेल्या पेरूचा वास येतोय.’’ मालकाचा चेहरा असा खुलला, जणू हिनं त्याच्या मुलाला बोर्डात आणलं. पुढचा अर्धा तास दोघं पेरू, लिंबाची साल आणि ओल्या मातीवर बोलत होते. मी मध्ये एकदा ‘ब्लॅककरंट’ म्हणून पाहिलं. कुणी लक्ष दिलं नाही.

‘‘आणि वाईन चांगली नसली तर?’’ साडूंचं ब्रह्मास्त्र.

नसते, कधीकधी. अशी एक तांबडी मी चाखली आहे की तिचं सोलकढीशी लांबचं नातं निघावं. पण वाईनचा मोठा शत्रू उन्हाळा. शहरातल्या दुकानात फळीवर एप्रिल-मे काढलेली उत्तम बाटलीही शिजून निघते. जिथं वाईन झाली तिथल्या गार कोठीतून उचललेली बाटली निदान प्रवासानं दमलेली नसते. शिवाय इथं आवडली नाही तर मालकाच्या तोंडावर सांगता येतं आणि तो ऐकून घेतो. मोठ्या ठिकाणी तुमचं मत एका चौकोनात बरोबरची खूण करून पेटीत टाकायचं असतं.

जाण्याचे काही नियम मात्र पाळावेत. आधी फोन करावा. मालक बागेत फवारणीला गेला असेल तर दाराला कुलूप असतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि निवडणुका टाळून निघावं. ‘चाखायला फुकट आहे ना?’ असं विचारू नये, घासाघीस करू नये, वेलीवरचे घड पोरांना तोडू देऊ नयेत. गाडी चालवणाऱ्यानं थेंबही घेऊ नये. इतर देशांत चाखून थुंकायची पद्धत आहे. पण पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकायची, हे आपल्या पिढीला जमणं कठीण. म्हणून न पिणारा नातेवाईक बरोबर न्यावा. आमचे साडू अजिबात घेत नाहीत. त्यांचा एवढा उपयोग आहे हे इतकी वर्षं घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि निघताना निदान दोन बाटल्या घ्याव्यात. त्या दोन बाटल्यांनी मोठ्या कंपनीला काही फरक पडत नाही. चार पिंपांच्या मालकाला पडतो.

नाहीतर काय होईल ते उघड आहे. छोटी दारं एकेक करून बंद होतील, चार पिंपांच्या जागी पुन्हा कांदे भरले जातील आणि सगळ्या मुलखात जाण्यासारखं एकच ठिकाण उरेल. तिथली रांग तेव्हा रस्त्यापर्यंत आलेली असेल. आणि त्या रांगेत मागे वळून साडू मला म्हणतील, ‘‘बघा, मी म्हणत नव्हतो? सगळे इथंच येतात.’’