डोहाकाठी

पहलगामजवळ लिद्दर नदीवर आम्ही रीतसर परवाना काढून ट्राउटच्या शिकारीस गेलो होतो. पहिल्या दिवशी डोह दिसताच पाण्यात उतरून पिसांची कृत्रिम माशी फेकली आणि सायंकाळी रित्या हाताने परतलो. दुसऱ्या दिवशी आमचा वृद्ध वाटाड्या म्हणाला, "साहेब, आधी बघा, मग फेका."

१९०० साली ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून काश्मिरात रुजलेला हा मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून त्याच्याकडे खालच्या अंगाने, मागून जावे. त्याची ठिपकेदार पाठ गोट्यांत मिसळून जाते. तेव्हा मासा न शोधता तळावरची सावली शोधावी, शेपटीची संथ हालचाल पाहावी. पाण्याची चकाकी मारणारा पोलराइड चष्मा येथे फार उपयोगी पडतो.

अर्ध्या तासाने सावली दिसली, मग मासा. आदल्या दिवशी आम्ही जेथे पाय रोवून उभे होतो, नेमका त्याच उथळ काठाशी! हर्षभराने आम्ही उठलो. आमची सावली पाण्यावर पडली आणि डोह रिकामा झाला. वाटाड्या नुसता हसला. आम्ही मुकाट्याने पुन्हा खाली बसलो.