शंभर प्रतींचे खेळ आणि साहित्याचे पहारेकरी

लघुअनियतकालिकांचा विषय निघाला की मराठीच्या आम्हा अध्यापकांची वाणी चढते. सायक्लोस्टाइल केलेले 'शब्द', अशोक शहाणे यांचे 'असो', प्रास प्रकाशनाने १९७७ साली काढलेल्या 'अरुण कोलटकरच्या कविता' ही नावे आम्ही आदराने घेतो. मोजक्या प्रती, पदरचे पैसे, ओळखीचा छापखाना आणि हातोहात वाटप ही आमच्या लेखी बंडाची लक्षणे आहेत. मात्र याच मार्गाने एखाद्याने पटावरचा खेळ रचून त्याच्या शंभर प्रती स्वतः काढल्या, की आमचा सूर बदलतो. 'कंपनी मिळाली नसेल', 'हौस आहे', आणि अखेरीस 'हे काही साहित्य नव्हे'. आमच्या मते हा दुटप्पीपणा आहे आणि त्याची किंमत कधीतरी मोजावी लागते.

असा खेळ करणारा माणूस नेमके काय करतो? तो नियम लिहितो. अनोळखी माणसांना खेळायला बसवतो, कोणत्या वाक्यापाशी ते अडखळले हे पाहतो आणि ते वाक्य पुन्हा लिहितो. कवितेत एका ओळीचे दोन अर्थ निघाले तर आम्ही सुखावतो; नियमाचे दोन अर्थ निघाले तर पटाभोवती भांडण होते. गद्याची इतकी कठोर परीक्षा आमच्या किती समीक्षाग्रंथांनी दिली आहे? मग येतो छापखाना. ऑफसेटच्या प्लेटा आणि कापणीचा डाय यांचा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि पाच हजारांनाही तेवढाच. म्हणून लहान आवृत्तीत दर प्रत महाग पडते. तेव्हा हा माणूस डिजिटल छपाई करतो, पुठ्ठ्यावर पट स्वतः चिकटवतो, पत्ते हाताने कापतो, फासे आणि सोंगट्या बाजारातून आणतो. त्याच्या हाती उरणारा नफा कवितासंग्रहाच्या नफ्याहून फारसा निराळा नसतो.

'पण खेळात आशय कुठे असतो?' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एलिझाबेथ मॅगीचे उदाहरण पाहावे. १९०४ साली या अमेरिकन स्त्रीला 'द लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचे पेटंट मिळाले. जमिनीच्या मूल्यावर एकच कर असावा, या हेन्री जॉर्ज यांच्या अर्थविचाराचा प्रचार हा त्या खेळाचा हेतू होता. १९०६ मध्ये तो छोट्या प्रमाणावर प्रकाशित झाला. प्रकाशनसंस्था तिची आणि तिच्या सहविचारी मंडळींची होती. पुढे विद्यार्थ्यांनी आणि क्वेकर पंथीयांनी हाताने पट काढून त्याच्या नकला केल्या आणि त्यांत आपापल्या गावच्या रस्त्यांची नावे घातली. पोथ्यांचा प्रसार आणि पाठभेद शिकवणाऱ्यांना ही प्रक्रिया अनोळखी वाटू नये.

मॅगीने खेळाला दोन नियमसंच दिले होते. एकात सगळे गिळंकृत करणारा जिंकतो. दुसऱ्यात संपत्ती वाढली की सर्वांचे भले होते. त्यांतला भेद खेळणाऱ्याने स्वतः अनुभवावा, हाच तिचा युक्तिवाद. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने चार्ल्स डॅरो यांच्याकडून 'मोनॉपॉली' घेतला आणि मॅगीचे पेटंट ५०० डॉलरना विकत घेतले. पहिला नियमसंच जगभर गेला, दुसरा गळाला. कर्ता म्हणून नाव डॅरोचे लागले. आपल्या घरोघरी खेळला गेलेला 'व्यापार' त्याच कुळातला. मक्तेदारीवरची टीका अशा रीतीने मक्तेदारीचा उत्सव झाली. आणि ही अदलाबदल उजेडात कोणी आणली? कोणा साहित्य-अभ्यासकाने नव्हे. १९७३ साली 'अँटी-मोनॉपॉली' हा खेळ काढणाऱ्या राल्फ अन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला कोर्टात लढावे लागले, आणि बचावासाठी त्याने मूळ संहितेचा माग काढला. पाठचिकित्सेचे आमचे काम अर्थशास्त्रज्ञाला करावे लागले, ते खेळाला कोणी संहिता मानले नव्हते म्हणून.

आज आपल्याकडेही परिस्थिती तीच आहे. खेळाला आयएसबीएन मिळत नाही. छापील पुस्तक वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, पटखेळ नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. त्या कायद्याच्या 'पुस्तक' या व्याख्येत सुटा नकाशा आणि संगीतलिपीचे पानही बसते, पटखेळाचा मात्र तिथे उल्लेख नाही. म्हणजे शंभर प्रतींचा खेळ शंभर घरांतल्या माळ्यांवर जाईल, आणि त्या प्रतींना वाळवी लागली की तो कधी झालाच नव्हता असे होईल. उलट, आयएसबीएनचा टिळा लावलेले आणि कोणीही न वाचलेले कितीएक ग्रंथ आमच्या बढत्यांच्या फायलींत सुखाने नांदत आहेत.

यांतले बहुतेक खेळ सामान्य असतात, असा आक्षेप येईल. असतातच. बहुतेक कवितासंग्रहही सामान्य असतात. म्हणून आम्ही कवितेचा अभ्यास सोडला नाही. प्रत्येक खेळ साहित्य आहे असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तो साहित्य आहे की नाही हे वाचल्यावर ठरवावे. आज ते न वाचता ठरते. मराठी विभागांनी असे खेळ विकत घ्यावेत, नियमपुस्तिकांसह विभागीय ग्रंथालयात ठेवावेत, विद्यार्थ्यांना त्यांवर परीक्षणे लिहायला लावावीत. यासाठी ना अनुदान लागते ना अभ्यासमंडळाची मंजुरी. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या त्या मोजक्या प्रती कोणीतरी जपल्या, म्हणून आज आम्ही त्यांवर व्याख्याने देऊ शकतो. आज निघणाऱ्या मोजक्या प्रती जपण्याचे काम आमचे आहे. ते टाळून बंडखोरांच्या नावाने जयजयकार करण्याचा अधिकार आम्हाला नाही.