ताप उतरला, पण मजुरीचे काय?

साथीच्या शासकीय अहवालात दोन आकडे ठळकपणे छापले जातात: लागण किती आणि मृत्यू किती. जे उरले ते सारे ‘बरे’. माकडतापाच्या बाबतीत हा शब्द म्हणजे कष्टकऱ्यांची शुद्ध फसवणूक आहे.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. तो पसरविते गोचीड. माकड बिचारे स्वतःच तिचा बळी, पण बदनामी मात्र त्याच्या नावाला चिकटली! २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या रोगाची साथ आली.

रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे. काजूची बोंडे वेचण्याचा, रानातून सरपण आणि पातेरा आणण्याचा काळही हाच. त्याच पातेऱ्यात गोचिडीची पिल्ले दबा धरून असतात. म्हणजे रोगाची गाठ पडते ती उघड्या पायांनी बागेत राबणाऱ्या स्त्रीपुरुषांशी. शहरात बसून काजूचा दर ठरविणाऱ्या व्यापाऱ्याशी नव्हे. स्वतःच्या तुटपुंज्या बागेत खपणारा शेतकरीही यातून सुटत नाही.

शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात. उरलेल्यांचा ताप बहुधा एक-दोन आठवड्यांत उतरतो. पण दहा ते वीस टक्के रुग्णांना थोडी उसंत देऊन तो उलटतो आणि या खेपेस मेंदूवर चाल करतो. हात कापतात, दृष्टी अंधूक होते, भ्रम होतो. ज्यांच्यावर ही पाळी येत नाही, त्यांच्याही अंगातील अशक्तपणा आणि स्नायूंची वेदना कित्येकदा महिनोन्महिने हटत नाही. या रोगावर खास औषध नाही. विश्रांती घ्या, असे सांगून रुग्णाला घरी धाडले जाते. विश्रांती! पगारी नोकराला आजारपणाची रजा असते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला हा सल्ला देणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणे होय. मग तो थरथरत्या हातांनी पुन्हा कोयता उचलतो, अर्धे काम करतो आणि अर्धी मजुरी घेऊन परततो. काजूचा हंगाम तर त्याच्यासाठी थांबत नाही. तो बुडाला की पावसाळ्याची बेगमी बुडाली आणि सावकाराचे दार उघडले.

ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका आहे, त्या कामातून जडलेला संसर्गजन्य रोग हा व्यवसायजन्य रोग होय, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मान्य झाले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. मग काजूबागेतील मजुराचा माकडताप त्यात का धरला जाऊ नये? हजेरीपट नाही, लेखी नेमणूक नाही, म्हणून? हजेरीपट न ठेवणारा मालक, आणि पुरावा मात्र मजुराने द्यायचा, हा कुठला न्याय?

लसीची कथाही याच जातीची. कर्नाटकात वर्षानुवर्षे टोचली गेलेली जुनी लस फारशी परिणामकारक नाही म्हणून २०२२ मध्ये बंद करावी लागली. रोग सापडून तेव्हा पासष्ट वर्षे लोटली होती. नव्या लसीचे काम आता कोठे सुरू आहे. हा रोग महानगरांतील बंगल्यांत शिरला असता, तर इतका काळ गेला असता काय?

माकडतापाचे निदान झालेल्या प्रत्येक श्रमिकाला, काम करण्याची शक्ती परत येईपर्यंत, किमान वेतनाइतका निर्वाहभत्ता मिळाला पाहिजे. ताप उतरल्यावर सहा महिने त्याची तपासणी गावातच झाली पाहिजे. दोडामार्ग-सावंतवाडीतील कार्यकर्त्यांनी पुढच्या हंगामाची वाट पाहू नये. ग्रामसभांतून ‘बरे’ झालेल्यांची, त्यांच्या बुडालेल्या प्रत्येक रोजासह, यादी करावी आणि ती आरोग्य खात्यापुढे नव्हे, श्रम खात्यापुढे ठेवावी.