धार लावा, पण डोळे सांभाळून

मैत्रिणींनो, सोयाबीन काढणीला आलं की आमच्या मुखेडला विळ्यांना धार लावून घ्यायची घाई सुरू होते. घरबसल्या चार पैसे मिळतील म्हणून आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी धारेचं ग्राइंडर आणलं. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होत्या. पण चाकावर झाकण नाही की डोळ्यांपुढे काच नाही! आठवडाभरातच लोखंडाचा कण डोळ्यात गेला. दवाखाना गाठला, नशीब म्हणून नजर वाचली.

म्हणून घेताना आधी झाकण बघा, मग किंमत. घरच्या कामाला सिंगल फेजवर चालणारं, सहा इंची चाकाचं मशीन पुरतं. एक चाक भरड, एक बारीक असावं. अशी मशीन मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते. चाकावर छापलेला वेग त्याहून कमी नको. नवं चाक बसवण्याआधी लाकडी मुठीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा गेलाय समजा. हत्यार टेकवायची पट्टी चाकापासून तीन मिलिमीटरच्या आत हवी, म्हणजे विळा मध्ये अडकत नाही. अर्थिंगही तपासून घ्या.

काम करताना पदर खोचा, बांगड्या काढा, हातमोजे घालू नका. विळा अधूनमधून पाण्यात बुडवा. निळा पडला तर त्याचं पाणी उतरलंच.

आणि गॉगल? "बाईला कशाला हे नखरे?" असं कुणी म्हणेलही. म्हणू द्या. गटातून कर्ज काढताना मशीनच्या किमतीतच गॉगलचे पैसे धरा. विळ्याची धार पुन्हा लावता येते, गेलेला डोळा येत नाही.